शून्य भाड्याचे तिकीट

सरकारी मदतीविषयीचे लोकमत अजमावावयाचे तर ते राजधानीत नव्हे, सीमेवरच्या गावी अजमावावे. कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे असेच एक गाव. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. आज ते कर्नाटकातील एका तालुक्याचे ठिकाण असले तरी सीमेपलीकडच्या मराठी मुलुखाशी या भागाचा रोटीबेटीचा व्यवहार तुटलेला नाही. एक बहीण चिटगुप्प्यात आणि दुसरी उमरग्यास दिलेली असेल, तर पहिलीस 'गृहलक्ष्मी'चे दरमहा 2,000 रुपये आणि दुसरीस 'लाडकी बहीण'चे 1,500, असा हिशेब त्या माहेरी सहजच मांडला जाणार. हा पाचशेचा फरक आम्हांस फारसा खुपत नाही. खुपतात ते पात्रतेचे निकष.

30 ऑगस्ट 2023 रोजी सुरू झालेल्या 'गृहलक्ष्मी'तून प्राप्तिकर भरणारी अथवा वस्तू व सेवा कराचे विवरण देणारी कुटुंबे वगळली आहेत. वरवर पाहता हे न्याय्यच वाटते. परंतु शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. तेव्हा पन्नास एकर बागायत असणाऱ्याची पत्नी लाभार्थी ठरू शकते आणि करनोंदणी केलेल्या किरकोळ दुकानदाराची पत्नी अपात्र! गावात कोणाची किती जमीन आहे हे शेजाऱ्यास ठाऊक असते. सरकारी कागदास तेवढे ठाऊक नसते. महाराष्ट्रानेही जुलै 2024 मध्ये पाच एकरांची अट अशीच काढून टाकली. त्याच वेळी, परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातील रहिवाशाशी विवाह झालेल्या स्त्रीसाठी पतीची कागदपत्रे ग्राह्य धरण्याचा शहाणपणाही दाखविला, आणि सीमाभागाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. मात्र आधी वाटप व मग पडताळणी असा उफराटा क्रम लावल्याने नोव्हेंबर 2024 ची निवडणूक उरकल्यावर, जून 2025 पासून, सव्वीस लाखांहून अधिक जणींचे लाभ स्थगित करावे लागले. त्यांत खरोखर अपात्र असतील त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूती नाही. पण हाती आलेल्या पैशावर मुलाचे शुल्क ठरविणाऱ्या एखाद्या पात्र स्त्रीचेही नाव त्या यादीत चुकून गेले असेल, तर तिने काय करावयाचे?

11 जून 2023 पासून चालू असलेल्या 'शक्ती' योजनेकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहतो. कर्नाटकाच्या रहिवासी स्त्रीस राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये वाहक शून्य भाड्याचे तिकीट देतो आणि त्या तिकिटांवरून सरकार महामंडळास भरपाई देते. येथे दाखल्यांची चळत लागत नाही. मोटारीतून फिरणारी बाई गर्दीच्या बसमध्ये उभी राहावयास येत नाही, त्यामुळे गरजवंतांची निवड आपोआपच होते. चिटगुप्प्याहून बिदरच्या दवाखान्यास जाणाऱ्या मजूर बाईस भाड्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हे मोल अंदाजपत्रकात दिसत नाही. यावर पुरुष उतारूंची तक्रार अशी, की जानेवारी 2025 मध्ये भाडे 15 टक्के वाढले, ते आम्हीच भरावयाचे. सरकारने वाढीचे कारण इंधन व वेतन असे सांगितले. ते खरे असले तरी, रोजंदारीस जाणाऱ्या गड्याची कुरकुर म्हणजे निव्वळ मत्सर असे आम्ही म्हणणार नाही. 'दाता दान करी, कोठावळ्याचे पोट दुखे' ही म्हण येथे लागू पडत नाही. येथे कोठावळ्याच्या खिशातूनच दान चालले आहे.

कर्नाटकाच्या पाच हमींवर 2025-26 साठी 51 हजार कोटींहून अधिक तरतूद झाली. एवढा पैसा कोण देतो आणि कशासाठी, हे महाराष्ट्राने एके काळी स्वच्छ सांगितले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कपात होई आणि तिच्याइतकीच भर सरकार घाली. मोबदल्यात बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते दिसत. कामे निकृष्ट झाल्याची, हजेरीपटावर खोटी नावे असल्याची ओरड होई, आणि ती करता येई, कारण हजेरीपट व तलाव दोन्ही डोळ्यांसमोर असत.

आमच्या गोव्यातही 2012 पासून 'गृहआधार' आहे आणि तिच्या यादीविषयी कुजबूजही तितकीच जुनी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की चिटगुप्पा असो वा काणकोण, रक्कम हाती पडण्यापूर्वी पडताळणी व्हावी, जमीनजुमलाही विचारात घ्यावा, आणि नाव कमी करावयाचे तर कारण लेखी देऊन त्या बाईस आधी म्हणणे मांडू द्यावे.