कोकरांना डोंगर शिकवणारा ऋतू

इंग्लंडच्या वायव्येस कंब्रिया परगण्यात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्या देशातील सर्वांत उंच शिखर, स्काफेल पाइक, याच प्रदेशात असून त्याची उंची ९७८ मीटर भरते. कळसूबाईच्या १६४६ मीटरांपुढे ही उंची किरकोळ वाटेल. परंतु हा भाग ५४ उत्तर अक्षांशाच्याही पुढे असल्यामुळे तेथील माथे बोडके आणि वाऱ्याने झोडपलेले असतात, एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो आणि काही खोऱ्यांत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. धान्य पिकवण्यास जवळजवळ निरुपयोगी ठरलेल्या या भूमीवर जी मेंढी शतकानुशतके टिकून राहिली तिचे नाव हर्डविक. हा शब्द मुळात मेंढीचा नव्हेच. मेंढ्यांच्या चराऊ जागेसाठी तो मध्ययुगीन कागदपत्रांत आढळतो, आणि पुढे जागेचे नाव तिच्यावर चरणाऱ्या जनावराला चिकटले. जागा आणि जनावर यांची ही अदलाबदल केवळ भाषेपुरती नाही, हे तेथील मेंढपाळ कुटुंबाचे वसंत ऋतूतील कामकाज पाहिले की ध्यानात येते.

अशा कुटुंबाची जमीन सर्वसाधारणपणे तीन पट्ट्यांत विभागलेली असते. घराभोवतीची, खोऱ्याच्या तळाशी असलेली हिरवी कुरणे म्हणजे ‘इनबाय’; त्यांच्या वरच्या उतारावरील, डोंगरातून कधीकाळी काढून घेतलेले कुंपणबंद तुकडे म्हणजे ‘इनटेक’; आणि शेवटच्या गडग्यापलीकडे पसरलेला उघडा डोंगर म्हणजे ‘फेल’. हे गडगे कोकणातल्या गडग्यांसारखेच, चुना किंवा सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले असतात आणि हिवाळ्यात ढासळलेले भाग पुन्हा बांधणे हे वसंतातील कंटाळवाणे पण न टळणारे काम असते. फेलचा बराचसा भाग सामाईक चराईचा असतो. तो आपल्याकडील गायरानासारखा वाटला तरी त्यावर कोणी किती मेंढ्या सोडायच्या याचे हक्क ठरलेले असतात, आणि ते हक्क सामान्यतः खालच्या शेतांशी जोडलेले असतात.

मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा असतो. म्हणून डोंगरी मेंढपाळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेंढे कळपात सोडतात, म्हणजे कोकरे एप्रिलच्या मध्यापासून जन्मू लागतात. सखल भागातील शेतकरी याच्या कितीतरी आधी, काही जण तर ऐन हिवाळ्यात, मेंढ्या विऊ देतात. डोंगरात ती चैन परवडत नाही, कारण जमिनीचे तापमान ५-६ अंश सेल्सियसच्या वर गेल्याखेरीज गवत वाढत नाही आणि गवत नसेल तर मेंढीला पान्हा फुटत नाही. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या ६ आठवड्यांत होते, आणि हे आठवडे नेमके मार्चमध्ये, म्हणजे साठवलेला चारा संपत आलेला आणि नवे गवत उगवलेले नाही अशा काळात येतात. पोटात जुळी असलेली मेंढी या काळात उपाशी राहिली तर तिच्या रक्तातील साखर घटून ती आजारी पडते आणि प्रसंगी दगावते. यासाठी हिवाळ्यातच सोनोग्राफी करून एक कोकरू असलेल्या, जुळी असलेल्या आणि गाभण न राहिलेल्या मेंढ्या निराळ्या ओळखल्या जातात आणि खुराक त्याप्रमाणे दिला जातो. याच सुमारास आंत्रविषारासारख्या रोगांची लसही टोचली जाते; ती कोकरू जन्मण्याच्या काही आठवडे आधीच द्यावी लागते, कारण मेंढीची वार आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचू देत नाही आणि ते संरक्षण कोकराला केवळ चिकातून मिळते.

चीक, ज्याचा खरवस मराठी वाचकाला परिचित आहे, तो या ऋतूचा खरा आधार होय. जन्मानंतर पहिल्या काही तासांत तो पोटात गेला तर ओले, थंडगार कोकरूही तग धरते. गेला नाही तर रात्रीतून आटोपते. हर्डविक मेंढी बहुधा उघड्यावरच विते, त्यामुळे घरातील एक ना एक माणूस उजाडताच, दुपारी आणि अंधार पडण्यापूर्वी इनबायच्या कुरणांतून फेरी मारतो. त्या फेरीत मेंढ्यांना शक्य तितके कमी छेडायचे असते, कारण नुकतीच व्यालेली मेंढी आणि तिचे पिल्लू यांची एकमेकांच्या वासाची ओळख पहिल्या काही तासांतच पक्की होते आणि माणसाची लुडबुड तिला बाधक ठरते. म्हणूनच एरवी ज्याच्यावाचून पान हलत नाही तो बॉर्डर कोली जातीचा कुत्रा या दिवसांत पुष्कळदा धन्याच्या पायाशीच बसवून ठेवलेला असतो. मान अडकलेले किंवा पाय मागे दुमडलेले कोकरू हाताने सरळ करून काढणे, नाळेला आयोडीन लावणे, गारठलेल्या पिल्लाच्या पोटात बारीक नळीने चीक सोडणे, ही कामे आई-वडील, मुले, आजोबा अशी घरातील सारीच माणसे वाटून घेतात. शाळांची ईस्टरची सुटी याच सुमारास येत असल्याने आई नसलेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजण्याचे काम पोरांकडे जाते. एक घटक मात्र या कामापासून कटाक्षाने दूर राहतो, किंवा निदान राहावा अशी सूचना दर वसंतात दिली जाते: गर्भवती स्त्रिया, कारण मेंढ्यांत गर्भपात घडवणारे काही जंतू त्यांच्या गर्भालाही घातक ठरतात.

हर्डविकचे कोकरू काळेभोर जन्मते. वर्षभरात त्याच्या तोंडावर पांढरेपणा येतो, अंगावरचा काळा रंग तपकिरी होतो आणि पुढे तो निळसर राखाडी, जुन्या पाटीसारखा होत जातो. एखादीचे कोकरू मेलेले जन्मले आणि दुसरीकडे एखादे पोरके झाले, तर मेलेल्या कोकराचे कातडे सोलून पोरक्याच्या अंगावर अंगरख्यासारखे चढवतात. मेंढी वासावरून त्याला आपले मानते, पाजू लागते, आणि दोन-तीन दिवसांनी ते कातडे काढून टाकले तरी चालते. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईला पान्हवण्याची रीत आपल्याकडेही होती. फसवणुकीचा आधार दोन्हीकडे एकच, पण इंग्रज मेंढपाळाच्या युक्तीत जिवंत पिल्लाला आई मिळते, एवढा तिचा सरसपणा मान्य करावा लागतो.

या साऱ्या धावपळीमागे एक उद्देश असतो, आणि तो केवळ कोकरे जगवण्याचा नसतो. उघड्या फेलवर वेगवेगळ्या शेतांचे कळप शेजारी शेजारी चरतात. त्यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी भिंत नसते, तार नसते, राखणदारही नसतो. तरीही प्रत्येक कळप आपापल्या उतारावर राहतो. या स्थानबद्ध सवयीला ‘हेफ्ट’ असे म्हणतात. मेंढीला हद्द ठाऊक असते ती तिच्या आईमुळे, आणि आईला तिच्या आईमुळे: उन्हाळाभर आईच्या मागे हिंडताना पाणी कोठे, बर्फात आडोसा कोठे, कोणत्या ओढ्याच्या पलीकडे जायचे नाही, हे कोकरू शिकते, आणि पुढे स्वतः व्याली की तेच आपल्या पिल्लाला शिकवते. आरंभी कधीतरी मेंढपाळांनी रोज डोंगर चढून, भटकणाऱ्या मेंढ्या पुन्हा पुन्हा मागे वळवून ही सवय लावली असणार. त्या श्रमाचे फळ आजवर आईकडून लेकीकडे जात राहिले आहे. कळपाची ही स्मृती शेतावरच्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाची असून ती बाजारात विकत मिळत नाही. विकत आणलेला कळप फेलवर सोडला तर तो बघता बघता पांगतो.

या कारणास्तव लेक डिस्ट्रिक्टमधील पुष्कळ शेतांवर कळप हा मालकाचा आणि कूळ हे त्याचे केवळ राखणदार अशी व्यवस्था आढळते. कुळाने शेत घेतले की ठरावीक संख्येच्या मेंढ्या त्याच्या ताब्यात येतात आणि शेत सोडताना त्याच संख्येच्या व त्याच प्रतीच्या मेंढ्या त्याने मागे ठेवायच्या असतात; कूळ बदलते, कळप बदलत नाही. ही गोष्ट ज्यांनी नेमकी ओळखली त्यांत बिअट्रिक्स पॉटर यांचे नाव घ्यावे लागते. ‘पीटर रॅबिट’ची लेखिका म्हणून जगाला ठाऊक असलेल्या या बाईंनी १९०५ मध्ये निअर सॉरी येथील हिल टॉप हे शेत विकत घेतले, पुढे एकामागून एक डोंगरी शेते घेतली आणि हर्डविक जातीच्या जाणकार म्हणून त्या भागात मान मिळवला. हर्डविक पाळणाऱ्यांची संघटना १९१६ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या अध्यक्षपदी पॉटर यांची निवड झाली, पण ते पद स्वीकारण्यापूर्वीच, डिसेंबर १९४३ मध्ये, त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राने त्यांनी ४००० एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली आणि डोंगरी शेतांवर शुद्ध हर्डविक कळपच ठेवावेत अशी इच्छा नोंदवली. सशांच्या गोष्टींतून मिळालेला पैसा मेंढ्यांच्या कामी आला, ही साहित्याच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावी अशी घटना.

कळपाची ही स्मृती किती नाजूक असते हे २००१ मध्ये दिसून आले. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ उद्भवली आणि तिचा सर्वाधिक तडाखा कंब्रियाला बसला. साथ आवरण्यासाठी देशभरात ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. वेळही वाईट होती. पहिल्या हिवाळ्यातील कोवळ्या मेंढ्या डोंगरातल्या थंडीपासून वाचवण्यासाठी सखल भागातील शेतांवर ठेवल्या जातात आणि एप्रिलच्या सुरुवातीस परत आणल्या जातात. साथीच्या वेळी अशा अनेक मेंढ्या खालीच अडकल्या आणि तेथेच मारल्या गेल्या. नुकसानभरपाईत मेंढीची किंमत मिळाली, पण तिला माहीत असलेला डोंगर त्या हिशेबात मावणारा नव्हता.

अर्थात सगळ्याच मेंढ्या हद्द पाळत नाहीत. भरकटलेल्या मेंढीची मालकी ओळखण्यासाठी लोकरीवर रंगाचे पट्टे व ठिपके आणि कानावर ठरावीक आकाराचे छेद असतात, आणि या खुणांच्या चित्रांसह शेतांची नोंद देणारे पुस्तक तेथे १८१७ पासून छापले जात आले आहे. मेंढ्या मोजण्याचे जुने अंकही निराळे होते. ‘यान, त्यान, तेथेरा’ असे सुरू होऊन ते विसावर संपत आणि मोजणारा पुढच्या विसाला लागे. जुन्या पिढीतील मराठी माणूस ‘दोन विसा नि पाच’ म्हणे, त्याला ही रीत परकी वाटली नसती.

आता लोकरीविषयी, जिच्यासाठी मेंढी पाळतात असा सर्वसाधारण समज असतो. याच प्रदेशाच्या कडेला वसलेले केंडल हे गाव लोकरी कापडावर इतके पोसले की कापड हीच आपली भाकर अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य त्याने स्वीकारले. आज चित्र उलटे आहे. हर्डविकची लोकर जाडीभरडी, राठ केसांनी भरलेली. ती मेंढीला पावसात कोरडे ठेवते, पण माणसाच्या गळ्याला टोचते. तिचे गालिचे उत्तम होतात, परंतु कृत्रिम धाग्यांपुढे मागणी टिकली नाही. परिणामी मेंढी कातरण्याची मजुरी तिच्या लोकरीच्या किमतीपेक्षा पुष्कळदा अधिक पडते, आणि तरीही कातरावे लागते, कारण न कातरलेल्या मेंढीला उन्हाळ्यात उष्म्याचा त्रास होतो व लोकरीत माश्या अंडी घालून अळ्या पडतात. दख्खनी मेंढीची राठ लोकर आणि तिच्यापासून विणले जाणारे घोंगडे यांच्यावर महाराष्ट्रात ओढवलेली परिस्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील काही कुटुंबे घरच्या लोकरीचे सूत, गालिचे, पिशव्या करून पर्यटकांना विकतात. कमाईचा मोठा भाग मात्र मांसासाठी व पैदाशीसाठी विकलेल्या जनावरांतून आणि सरकारी अनुदानातून येतो.

हे अनुदान द्यावे का, असा प्रश्न काही निसर्गप्रेमी लेखक विचारतात, आणि तो अगदीच गैरलागू नाही. मेंढ्यांच्या चराईमुळे डोंगरावर झाडे वाढत नाहीत आणि २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेले हे दृश्य वस्तुतः उजाड आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. जास्त मेंढ्या सोडल्याने डोंगराचे नुकसान झाले हे मेंढपाळांपैकीही अनेक जण मान्य करतात. पण मेंढ्या घटवणे आणि त्या पूर्णपणे काढून टाकणे यांत फार फरक आहे, कारण हेफ्ट एकदा मोडला की तो पुन्हा बसवण्यास पिढ्या लागतात.

मे महिन्यात निर्णय घ्यावा लागतो तो गवतामुळे. इनबायची कुरणे रिकामी करून त्यांवर हिवाळ्यासाठी गवत वाढू द्यायचे असते, त्यामुळे मेंढ्यांना तेथे फार काळ ठेवता येत नाही. जुळ्यांच्या आयांना दोन तोंडे पोसायची असल्याने त्या चांगल्या गवतावर, शक्य तेवढ्या खाली राहतात. एकच कोकरू असलेल्या मेंढ्यांना, कोकराच्या अंगावर खुणेचा रंग चढला की, शेवटच्या फाटकापर्यंत नेऊन फेलवर सोडतात. फाटकापलीकडे त्यांना हाकावे लागत नाही. मेंढ्या आपल्या ओळखीच्या पायवाटेने चढू लागतात आणि काळी कोकरे त्यांच्या मागोमाग जातात. त्यानंतर कळप पुन्हा खाली येतो तो जुलैच्या सुमारास, कातरणीसाठी. नव्या गवताने मेंढीचे अंग भरले की जुन्या लोकरीखाली नवी लोकर उगवून जुनी वर उचलली जाते आणि कात्री सहज चालते. कातरून सुटलेली मेंढी पांढरट, हडकुळी आणि अर्ध्या आकाराची दिसते. बाहेर थांबलेले कोकरू तिच्याकडे बघून दुसरीकडेच धावत सुटते, आणि ती ओरडत त्याच्या मागे जाऊन जवळ पोहोचली, त्याने तिचा वास घेतला, म्हणजे मगच ते दूध पिऊ लागते.