रोमला जाताय? रिकामी बाटली जवळ ठेवा

मैत्रिणींनो, आपण बायका प्रवासात पैसे वाचवायला तहान मारतो. इटलीतल्या रोम शहरात तशी गरज नाही. तिथली जुनी ठिकाणं पायी बघावी लागतात, उन्हाळाही कडक. पण रस्त्यांवर सुमारे २,५०० लोखंडी नळखांब आहेत. पहिले १८७४ साली बसवले. वाकड्या नळीमुळे लोक त्याला 'नासोने', म्हणजे मोठं नाक, म्हणतात. पाणी पिण्याचं आणि फुकट. नळीच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, तिथून प्यायचं. 'नॉन पोताबिले' अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नका. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आपला पदर पुरतो. गर्दीत पर्स पोटाशी धरा. बाटली भरा आणि निवांत फिरा.