रेखाटलेल्या पात्राशी विवाह : एकाकीपणाचे नवे रूप

४ नोव्हेंबर २०१८ रोजी जपानची राजधानी टोकियो येथे एक आगळा विवाहसोहळा पार पडला. वर होता शाळेच्या कार्यालयात नोकरी करणारा पस्तीस वर्षांचा एक गृहस्थ आणि वधू होती हात्सुने मिकू. ही गायिका हाडामांसाची नाही. संगणकावर गाणी रचणाऱ्यांसाठी सप्पोरो येथील एका कंपनीने ऑगस्ट २००७ मध्ये एक कृत्रिम आवाज विक्रीस आणला. त्या आवाजाला दिलेले चित्ररूप म्हणजे मिकू. सोहळ्याला सुमारे चाळीस पाहुणे आले होते. वराची आई मात्र आली नाही. जपानी कायदा अशा विवाहाला मान्यता देत नाही.

हा प्रकार एकट्या या गृहस्थापुरता नाही. चित्रातील पात्रांशी विवाह करण्यास कायदेशीर परवानगी मिळावी, म्हणून जपानमध्ये २००८ सालीच सह्यांची मोहीम निघाली होती. ॲनिमेचे, म्हणजे जपानी चलच्चित्रांचे, चाहते आपल्या लाडक्या नायिकेला ‘वायफू’ म्हणतात. इंग्रजीतील पत्नीवाचक शब्दाचा हा जपानी उच्चार आता जगभर पोहोचला आहे. नायकांवर जीव जडवणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत.

ही माणसे भ्रमिष्ट आहेत, असे समजण्याची घाई करू नये. मिकू खरी नाही, हे त्या वरालाही पक्के ठाऊक होते. कामाच्या ठिकाणी झालेल्या छळाने आपण खचलो होतो आणि तिच्या गाण्यांनी आपल्याला सावरले, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. पात्र कल्पित असले, तरी हे दुःख कल्पित नव्हते. रेखाटलेले पात्र रागावत नाही, म्हातारे होत नाही, सोडून जात नाही. दुखावलेल्या मनाला त्याचा आधार वाटावा, यात नवल ते काय?

परंतु ते नकारही देऊ शकत नाही, आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा मुद्दा नेमका येथेच आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम १०५७ नुसार वधूवरांची संमती हीच विवाह घडवते. त्यांच्या वतीने ती देण्याचा अधिकार कोणत्याही मानवी सत्तेला नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला अर्थ उरत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम सर्व प्राण्यांना नावे देतो, तरी त्याला अनुरूप सहकारी सापडत नाही. नाव देणे त्याच्या हाती होते. सहचारिणी मात्र त्याला देवाकडून मिळाली. कल्पित पात्राला आपण हवे ते नाव देऊ शकतो, हवा तो स्वभावही देऊ शकतो. म्हणूनच त्याच्याकडून आपल्याला अनपेक्षित असे काहीच मिळत नाही.

चित्रकलेशी ख्रिस्तसभेचे वैर नाही, हे ओघाने नमूद करावेसे वाटते. २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी खुद्द व्हॅटिकनने ॲनिमे शैलीतील ‘लुचे’ ही यात्रेकरू मुलगी बोधचिन्ह म्हणून स्वीकारली होती. त्याच वर्षी २८ जानेवारीला प्रसिद्ध झालेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात कृत्रिम बुद्धिमत्तेला व्यक्ती म्हणून सादर करण्याविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. आता पात्रे उलट उत्तरेही देऊ लागली असल्याने हा इशारा आपल्या तरुणांच्या हातातील मोबाईललाही लागू पडतो.

टोकियोतील त्या गृहस्थाच्या घरी काचेच्या नळकांड्यासारखे एक उपकरण होते. त्यात मिकूची आकृती दिसे आणि ती त्याच्याशी दोन शब्द बोलेही. मार्च २०२० मध्ये कंपनीने ही सेवा बंद केली आणि संभाषण थांबले. त्याचे प्रेम मात्र थांबले नाही. मिकूच्या मोठ्या बाहुलीला त्याने घरात जागा दिली. २०२३ साली त्याने आपल्यासारख्या व्यक्तींविषयी समाजात समज वाढावी म्हणून एक संघटनाही स्थापन केली.

असा एखादा तरुण आपल्या धर्मग्रामातही असू शकेल. कार्टूनच्या वेडापायी त्याची थट्टा करणारे त्याला घरीदारी भेटतीलच. छळाची गोष्ट त्याला कोणापाशी सांगता येईल, हे मात्र युवकांच्या गटाला, घरच्यांना आणि आम्हा धर्मगुरूंनाही ठरवावे लागेल.