सैन्य गेले, देणे राहिले

जुलै २०२५ मध्ये रशियाने तालिबान सरकारला अधिकृत मान्यता दिली. असे करणारा तो पहिला देश. ऑक्टोबरमध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले, आणि त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. गदारोळ झाल्यावर दुसरी परिषद झाली, तिला महिलांना बोलावले. त्याच महिन्यात भारताने काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. आयुष्य बातमीदारीत घालवलेल्या माझ्यासारखीला ते बंद दार फार लागले. गोष्टी इथवर कशा आल्या, हे पाहायला मागे जावे लागते.

महासत्तांच्या माघारीचा विषय निघाला की सगळे व्हिएतनामपासून सुरुवात करतात. १९७३ च्या पॅरिस कराराने उत्तरेच्या फौजा दक्षिणेत तशाच राहू दिल्या, पुढे अमेरिकी काँग्रेसने मदतीला कात्री लावली, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. सिनेमांनी ही कथा पुरेशी सांगितली आहे. मला बोलायचे आहे ते अफगाणिस्तानच्या कोणाला न आठवणाऱ्या दशकाबद्दल, १९८९ ते १९९९ बद्दल.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल पायी ओलांडून सोव्हिएत हद्दीत परतले. नऊ वर्षांत सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले होते; अफगाणांची गणती लाखांत होती. तेव्हा मी पुण्यातल्या एका दैनिकात परदेशच्या बातम्यांचे पान लावत असे. काबूलमधले नजीबुल्लांचे कम्युनिस्ट सरकार आता काही आठवड्यांचेच सोबती, असे पाश्चात्त्य जाणकार छातीठोकपणे सांगत होते. मार्चमध्ये मुजाहिदीनांनी पाकिस्तानच्या पाठबळावर जलालाबादवर हल्ला चढवला, पण शहर पडले नाही. नजीबुल्ला तीन वर्षे टिकले, कारण फौज गेली तरी मॉस्कोहून धान्य, इंधन, दारूगोळा आणि पैसा येत राहिला. १९९१ च्या सप्टेंबरात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १ जानेवारीपासून आपापल्या बाजूची शस्त्रे थांबवायचे ठरवले. डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. रसद आटली, उत्तरेत जनरल दोस्तमच्या फौजेने बाजू बदलली, आणि एप्रिल १९९२ मध्ये सरकार कोसळले. त्या जाणकारांपैकी कोणी आपला अंदाज का चुकला याचा खुलासा केल्याचे मी वाचले नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याकडे ‘खुदा गवाह’ लागला. त्याचे काही चित्रीकरण अफगाणिस्तानात झाले होते आणि नजीबुल्लांनी त्यासाठी कडेकोट बंदोबस्त दिला होता. पडद्यावर बुझकशीचे घोडे उधळत होते, प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, आणि ज्यांनी हा पाहुणचार केला ते काबूलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आवारात अडकले होते. भारतात येण्यासाठी निघाले असताना विमानतळाच्या वाटेवर त्यांना अडवले गेले होते. बायको आणि मुली दिल्लीत होत्या. नजीबुल्ला काही संत नव्हते. ‘खाद’ या गुप्त पोलिसांचे ते प्रमुख होते आणि तिथल्या कोठड्यांतला छळ जगजाहीर आहे. तरीही २७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबानने त्यांना त्या आवारातून ओढून नेऊन मारले आणि भर चौकात लटकवले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाला काय किंमत आहे ते साऱ्या जगाला कळले.

मधल्या चार वर्षांत काबूलची राखरांगोळी झाली. सोव्हिएत युद्धात बऱ्यापैकी वाचलेले हे शहर हिकमतयार या मुजाहिदीन नेत्याच्या रॉकेटांनी आणि इतर गटांच्या तोफांनी फोडून काढले. १९९३ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयावर रॉकेट पडले, आग लागली, मग जे उरले ते लुटले गेले. चेक बनावटीच्या ट्रॉलीबस ही काबूलची शान, त्यांचे सांगाडे उरले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदलेले शीख आणि हिंदू घरेदारे सोडून दिल्लीला आले. अमेरिकेने आपला दूतावास १९८९ सालीच बंद केला होता. शीतयुद्ध जिंकल्यावर तिला तिथे काही काम उरले नव्हते. मी या बातम्या पुढे करत असे. वरिष्ठ म्हणत, “अहो बाई, तिथलं कोण वाचतंय?” आणि त्या आतल्या पानावर दोन ओळींत जात. डिसेंबर १९९९ मध्ये आपले आयसी-८१४ विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले, मसूद अझहरसह तिघा अतिरेक्यांना सोडावे लागले, तेव्हा कुठे अफगाणिस्तान पहिल्या पानावर आले.

पुढची वीस वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. शेवट मात्र पाहण्यासारखा आहे. १९८८ च्या जिनिव्हा करारात लढणारे मुजाहिदीन सहभागी नव्हते; २०२० च्या दोहा करारात खुद्द काबूलचे सरकारच नव्हते. अफगाण हवाई दलाची विमाने ज्या परदेशी कंत्राटदारांच्या भरवशावर उडत होती ते निघून गेले. बगरामचा तळ अमेरिकेने रात्रीतून, अफगाण कमांडरला न सांगता रिकामा केला. नजीबुल्ला फौजा गेल्यावर तीन वर्षे टिकले. राष्ट्राध्यक्ष गनींचे सरकार शेवटचा अमेरिकी सैनिक निघण्याआधीच पडले. ज्याला तुम्ही चर्चेलाच बसवत नाही, त्याच्यासाठी शिपायाने मरावे तरी का?

फौजा कधी ना कधी परत न्याव्याच लागतात, त्यात गैर काही नाही. पण ज्यांना आपल्या भरवशावर उभे केले, त्यांची रसद तोडायची आणि त्यांच्या पाठीमागे शत्रूशी सौदा करायचा, हा विश्वासघात आहे. त्याची किंमत तिथली माणसे मोजतात आणि मग शेजारी मोजतात.

शेजारी म्हणून आपणही कमी पडलो. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा सरसकट रद्द केले. पुण्यात शिकणारी एक अफगाण मुलगी मला सांगत होती, घरच्यांनी बहिणीची पदवीची प्रमाणपत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अंगणात पुरली. त्या बहिणीला आज शिकवायला शाळा नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. काबूलशी बोलावे लागेल, हे मला पटते. शेजार निवडता येत नाही. पण दूतावास उघडायला जी तत्परता दाखवली, तीच अशा मुलींना व्हिसा आणि शिष्यवृत्ती देताना दाखवा. ते देणे आपले आहे, मॉस्कोचे किंवा वॉशिंग्टनचे नाही.