हात आधी सरकतो, चटका मागून कळतो

गरम तव्याला चुकून बोट लागले, तर हात मागे घ्यायचा की नाही हे ठरवावे लागत नाही. हात झटकन सरकतो आणि चटका बसल्याचे त्यानंतर जाणवते. हा क्रम उलटा वाटेल, पण बचावासाठी तोच हवा. मेंदूपर्यंत खबर जाऊन तिथून हुकूम येईपर्यंत थांबलो, तर बोट जास्त भाजेल.

मग हुकूम देतो कोण? त्वचेतील चेतातंतूंची टोके उष्णता आणि वेदना ओळखतात. त्यांची खबर पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूत पोहोचते. तिथली मधली चेतापेशी ती खबर लगेच स्नायूकडे जाणाऱ्या तंतूला देते आणि हात मागे येतो. मेंदूलाही खबर जाते, पण तोवर काम झालेले असते. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. चालताना खिळा टोचला तर एक पाय वर उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा ताठ होऊन अंगाचा भार घेतो. ही जोडणीही मेरुरज्जूतच आहे, म्हणून आपण पडत नाही.

चेतातंतूतून जाणारा संदेश विजेचा असतो. बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायांवर प्रयोग केले आणि विजेने त्यांचे स्नायू आखडतात, हे 1791 मध्ये प्रसिद्ध केले. पण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये अतिशय बारीक फट असते आणि वीज ती ओलांडत नाही. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते आणि पलीकडच्या स्नायूला जागे करते. स्नायूच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. कॅल्शियम परत साठ्यात गेले की तो सैल पडतो. चेतातंतूंचे संदेश रसायनांमार्फत पुढे जातात, या शोधासाठी हेन्री डेल आणि ऑटो लोवी यांना 1936 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात, तेव्हा ते हाच सगळा रस्ता तपासत असतात. ठोक्याने मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो, खबर मेरुरज्जूत जाते आणि साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात पाय उडतो. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी 1875 मध्ये ही तपासणी स्वतंत्रपणे मांडली. ती आजही तितकीच कामाची आहे.

ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, त्या घराने ही गोष्ट नीट समजून घ्यावी. रक्तातील साखर बरीच वर्षे जास्त राहिली की चेतातंतू खराब होऊ लागतात. सहसा सर्वांत लांब तंतूंना आधी झळ बसते, म्हणजे पायांच्या बोटांना आणि तळव्यांना. घोट्यामागे हातोडी मारली तरी पाऊल हलत नाही किंवा मंद हलते. मुंग्या येतात, जळजळ होते, पुढे पाय सुन्न पडतात. मग चपलेतला खडा टोचत नाही आणि गरम पाण्याचा चटका लागत नाही. खबरच निघत नाही, तर पाय मागे घेणार कोण? रक्तपुरवठा कमी असेल तर जखम लवकर भरत नाही. तिच्यात पू झाला आणि संसर्ग हाडापर्यंत गेला, तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' हा समज मधुमेहात फार महागात पडतो.

ज्या पायांना स्वतःची खबर देता येत नाही, त्यांची खबर डोळ्यांनी घ्यावी. वुजू करताना पाय धुतले जातातच. त्याच वेळी बोटांच्या बेचक्यात पाहावे आणि ती जागा कोरडी पुसावी. तळवे आरशात पाहावेत. नजर अधू असेल तर मुलांनी किंवा सुनेने पाहावेत. गरम पाणी आधी कोपराने किंवा घरातील दुसऱ्या माणसाने तपासावे. शेकण्याची पिशवी सुन्न पायांना लावू नये. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर, मशिदीच्या अंगणातसुद्धा, अनवाणी चालू नये. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. भोवरी ब्लेडने कापू नये. जखम किंवा फोड दिसला, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनचा धागा, कंप पावणारा चिमटा आणि ती छोटी हातोडी, एवढ्या साधनांनी ती काही मिनिटांत होते. गेलेली संवेदना बहुधा पूर्ण परत येत नाही. पण साखर ताब्यात ठेवली तर पुढचे नुकसान रोखता येते किंवा निदान लांबवता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांची साखर किती, हे आपण नेहमी विचारतो. त्यांचे पायही एकदा पाहावेत.