पेनड्राइव्हची पंचवीस वर्षे : फाइल नेणे आणि फाइल राखणे

संगणकातली फाइल दुसरीकडे उतरवून ठेवायची, तर २००० सालापर्यंत घरोघरी आणि कार्यालयांत फ्लॉपीचाच आधार होता. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. चित्रे असलेले एखादे पुस्तक असले, की फाइलचे तुकडे पाडून ते चार-पाच फ्लॉप्यांवर उतरवावे लागत. त्यांतली एक फ्लॉपी खराब निघाली, तरी सगळी फाइल हातची जाई. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या झिप ड्राइव्हच्या डिस्कमध्ये १०० मेगाबाइट मावत, पण तिला वेगळे यंत्र लागे. सीडीत ६५० ते ७०० मेगाबाइट जागा मिळे, मात्र साध्या सीडीवर एकदा लिहिलेले पुन्हा बदलता येत नसे.

ही अडचण दूर झाली ती दोन शोध एकत्र आल्यामुळे. पहिला फ्लॅश मेमरीचा. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी तो १९८४ मध्ये जगापुढे मांडला. पेनड्राइव्हमध्ये वापरला जाणारा त्याचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये आला. यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म पेशींत कोंडलेली असते आणि वीज बंद झाली तरी टिकते. दुसरा शोध यूएसबी जोडणीचा. तिचे पहिले प्रमाणक जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झाले. ते घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, इंटेलमधील अजय भट्ट प्रमुख होते.

इस्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीने एप्रिल १९९९ मध्ये या दोन्हींची सांगड घालणाऱ्या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि आयबीएमने विकायला काढलेला एम-सिस्टिम्सचा ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. मूळ शोध कोणाचा, यावरून पुढे न्यायालयांत दावे चालले. सुरुवातीच्या डिस्कऑनकीत ८ मेगाबाइट, म्हणजे पाचाहून थोड्या अधिक फ्लॉप्यांएवढी जागा होती. विंडोज ९८ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे. विंडोज एक्सपीत मात्र पेनड्राइव्ह लावताच उघडू लागला. २००० च्याच एप्रिलमध्ये आलेल्या यूएसबी २.० ने जोडणीची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिटवरून ४८० मेगाबिटवर नेली. फ्लॉपी मागे पडत गेली आणि मार्च २०११ मध्ये सोनीने तिची जपानमधील विक्री थांबवली.

महाराष्ट्रात या साधनाला ‘पेनड्राइव्ह’ हेच नाव रूढ झाले. डीटीपीवाल्याकडून छापखान्यात, सायबर कॅफेतून झेरॉक्सच्या दुकानात फाइल त्यातून जाऊ लागली. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला तर पानभर निरर्थक चिन्हे दिसत. म्हणून जाणकार डीटीपीवाले फाइलशेजारी फॉन्टही पेनड्राइव्हवर घेत. तेव्हाच्या कित्येक फाइल आज शाबूत असूनही फॉन्टअभावी वाचता येत नाहीत. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून आणि पानांची पीडीएफ करून ठेवणे हाही म्हणूनच बॅकअपचाच भाग आहे.

पेनड्राइव्ह हातोहात फिरू लागला, तसे व्हायरसही फिरू लागले. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करणारी विंडोजची ‘ऑटोरन’ सोय त्यांच्या पथ्यावर पडली. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेल्या कॉन्फिकरने हाही मार्ग वापरला. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हपुरती ही सोय बंद केली. ‘शॉर्टकट व्हायरस’ मात्र पुढेही छळत राहिला. पेनड्राइव्ह उघडावा, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी बाण असलेले, एक-दोन किलोबाइटचे चिन्ह दिसे. फाइल बहुधा आतच, पण लपवलेल्या असत. सगळे उडाले असे समजून अनेकांनी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि शाबूत असलेले काम स्वतःच्या हाताने पुसले.

इतर नुकसानांची कारणेही हळूहळू लक्षात आली. कॉपी पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले, तरी शेवटचा भाग कधीकधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपसला तर फाइल करप्ट होते, म्हणून तो ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढायचा असतो. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कितीही जागा असली, तरी ४ गिगाबाइटची फाइल मावत नाही. शिवाय फ्लॅशच्या पेशी झिजतात. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या चिप साधारण एक लाख वेळा लिहून-पुसून घेत. तीन बिट ठेवणाऱ्या स्वस्त चिपचे आयुष्य हजाराच्या आसपास असते. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या पेनड्राइव्हमधला विद्युतभारही हळूहळू गळतो.

दरम्यान फाइल इंटरनेटवर, म्हणजे ‘क्लाउड’वर ठेवण्याची सोय आली. बसप्रवासात पेनड्राइव्ह घरी विसरल्यामुळे ड्रॉपबॉक्सची कल्पना सुचल्याचे तिचे सहसंस्थापक ड्र्यू ह्यूस्टन यांनी सांगितले आहे. ही सेवा २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आले. फाइल नेण्याचे पेनड्राइव्हचे काम त्यांनी बरेचसे हलके केले. पण अशा सेवेत एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडूनही पुसली जाते. ठरावीक मुदतीत कचरापेटीतून परत घेतली नाही, तर ती जाते. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने संगणकाबरोबर त्याला जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलही कुलूपबंद केल्या. काढून वेगळ्या ठेवलेल्या प्रतीपर्यंत मात्र असा हल्ला पोचत नाही, आणि पेनड्राइव्हची ही जमेची बाजू आजही कायम आहे.

या सगळ्या अनुभवांतून एक साधा फरक ठळक झाला आहे. संगणकातली फाइल कट करून पेनड्राइव्हवर हलवली, तर फाइल एकच राहते, फक्त तिची जागा बदलते; बॅकअप होण्यासाठी मूळ फाइल आणि प्रत दोन्ही हव्यात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ हा नियम तेच सांगतो : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर किंवा कार्यालयाबाहेर. प्रबंध, हिशेब, घरचे फोटो अशा कामांसाठी मूळ फाइल संगणकात, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर, एवढ्यानेही हा नियम पाळला जातो. फोल्डरच्या नावात तारीख घालावी, म्हणजे नव्या प्रतीखाली जुनी पुसली जात नाही. उतरवलेली फाइल पेनड्राइव्ह काढून, पुन्हा लावून, त्यावरूनच एकदा उघडून पाहावी आणि वर्षातून एकदा सगळ्या प्रती ताज्या कराव्यात.