सुराबाया : लाल पुलाजवळची मराठा पलटण

(लेखमाला : वसाहतींची स्वातंत्र्ययुद्धे – लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण १७ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी जाकार्तात थांबलो होतो. सुकार्नोंनी हट्टांना शेजारी उभे करून दोन वाक्यांचा जाहीरनामा वाचला, फातमावतींनी शिवलेला लाल-पांढरा झेंडा वर चढला आणि इंडोनेशिया स्वतंत्र झाला. निदान इंडोनेशियनांच्या लेखी. डचांच्या लेखी ती अजून त्यांची वतनदारीच होती. डच कंपनीचा व्यापार, सक्तीची ऊस-नीळ-कॉफीची लागवड, मग साडेतीन वर्षांचा जपानी अंमल, वेठबिगार आणि जावातली उपासमार ही सगळी कारणे आधी येऊन गेली आहेत, ती पुन्हा उगाळत नाही. एवढेच ध्यानात ठेवू, की जपान्यांनी जाताना दोन गोष्टी मागे सोडल्या : कवायत शिकलेली तरुण पोरे आणि भरलेली शस्त्रागारे.

या दोन्ही गोष्टी सर्वाधिक कुठे एकत्र आल्या असतील, तर पूर्व जावातल्या सुराबाया बंदरात. १९ सप्टेंबरला तिथल्या एका बड्या हॉटेलावर काही डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा फडकवला. खाली गर्दी जमली, हाणामारी झाली, एक डच पुढारी त्यात मेला. पोरे शिड्या लावून वर चढली आणि त्यांनी झेंड्याची खालची निळी पट्टी फाडून टाकली. उरला तो लाल-पांढरा. तोच पुन्हा काठीवर चढवला. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्याच दिवशी कळायला हवे होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपानी नौदलाचे तिथले प्रमुख शिबाता यांनी शस्त्रागारे जवळपास खुलीच केली. रायफली, मशिनगनी, मोटारी, काही रणगाडे शहरातल्या पोरांच्या हाती गेले. २२ ऑक्टोबरला नहदलातुल उलेमा या मोठ्या धार्मिक संघटनेने स्वातंत्र्यासाठी लढणे हे मुसलमानांचे कर्तव्य असल्याचा ठराव केला, आणि मदरशांतली मुलेही शहराकडे निघाली.

आता ब्रिटिश इथे कुठून आले? हॉलंड स्वतःच नाझींच्या तावडीतून मे महिन्यात सुटलेले, त्याच्याकडे पाठवायला फौज नव्हती. शरण आलेल्या जपान्यांना निःशस्त्र करायचे आणि छावण्यांतल्या युरोपीय कैद्यांना सोडवायचे, हे काम माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आले. कमांड ब्रिटिश असली, तरी शिपाई बहुतांशी आपले. २५ ऑक्टोबरला सुराबायाच्या धक्क्यावर उतरली ती ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी इंडियन इन्फन्ट्री ब्रिगेड. तिच्यात तीन पलटणी होत्या : एक राजपुताना रायफल्सची आणि दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, चौथी आणि सहावी. म्हणजे तीनांतल्या दोन पलटणी मराठ्यांच्या! दख्खन आणि कोकणातली ही माणसे इंफाळच्या आघाडीवर जपान्यांशी लढून आली होती. लढाई संपली, आता घरी जायचे, असेच त्यांना वाटत असणार.

मॅलबी समजूतदार होते. २६ तारखेला त्यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी करून तडजोड केली, की इंडोनेशियनांची शस्त्रे काढून घेतली जाणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी जाकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली : ४८ तासांत शस्त्रे खाली ठेवा, नाहीतर गोळी घालू. पत्रक मॅलबींच्याच वरिष्ठांचे, जनरल हॉथॉर्न यांचे. मॅलबींना त्याची गंधवार्ताही नव्हती, पण वरून आलेला हुकूम पाळणे त्यांना भाग होते. शहराला ही सरळसरळ दगाबाजी वाटली. माझ्या मते त्या लढाईचे बीज जपानी शस्त्रांपेक्षाही या पत्रकात होते. मुख्यालयाने जागेवरच्या माणसाला एका शब्दाने विचारले असते, तर पुढचे निदान काही दिवस तरी टळले असते.

२८ तारखेला शहर उठले. ब्रिगेड छोट्या छोट्या तुकड्यांनी शहरभर विखुरलेली : इथे एक इमारत, तिथे एक गोदाम, मध्ये अरुंद रस्ते. हजारोंच्या गर्दीने एकेक ठाणे वेढले. काही ठिकाणी दारूगोळा संपल्यावर शिपाई कापले गेले. दोन-तीन दिवसांत ब्रिगेडचे जवळपास चारशे जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. ब्रिगेड पुरती बुडण्याची वेळ आली, तेव्हा ब्रिटिशांनी ज्यांना सरकार म्हणून मान्यताही दिलेली नव्हती त्या सुकार्नोंनाच विमानाने बोलावून आणले. त्यांच्या शब्दावर युद्धबंदी झाली.

३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी युद्धबंदीची बातमी पोचवत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी मोटारींतून शहरात फिरत होते. लाल पुलाजवळच्या इंटरनॅशियो इमारतीत सहाव्या मराठा पलटणीची एक कंपनी अडकली होती, बाहेर गर्दी दात-ओठ खात उभी. मॅलबींची मोटार त्या गर्दीत थांबली. बोलणी चालू असताना गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी आतून सुटली की बाहेरून, यावर आजही एकमत नाही. मोटारीतच बसलेल्या मॅलबींना एका कोवळ्या पोराने जवळून गोळी घातली. सोबतच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने पुढे सांगितले, की त्याने मारेकऱ्यावर हातबॉम्ब टाकला, मोटार जळाली. दोघे अधिकारी नदीत उड्या टाकून, रात्र काढत धक्क्यापर्यंत पोचले.

ब्रिगेडियर मारला गेल्यावर ब्रिटिश गप्प बसणार नव्हते. पाचवी इंडियन डिव्हिजन आणली गेली. ९ नोव्हेंबरला शेवटची ताकीद निघाली : उद्या सकाळी सहापर्यंत शस्त्रे टाकून हात वर करून या. गव्हर्नर सुर्यो यांनी रात्री रेडिओवरून नकार कळवला. पंचवीस वर्षांचा पत्रकार सुतोमो, म्हणजे सगळ्यांचा बुंग तोमो, रेडिओवर गरजत होताच. १० नोव्हेंबरला युद्धनौका, विमाने आणि रणगाडे एकदम तुटून पडले. गल्लीबोळांतून लढत लढत शहर घ्यायला जवळपास तीन आठवडे लागले. इंडोनेशियनांच्या मृतांचे अंदाज सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत जातात. लढाई ते हरले, यात शंका नाही. तरी १० नोव्हेंबर हाच त्यांचा वीर दिन आहे, आणि ते योग्यच आहे. जपान्यांनी उभे केलेले बाहुले सरकार म्हणून डच ज्याची हेटाळणी करत होते, त्या प्रजासत्ताकासाठी शहरच्या शहर मरायला तयार आहे, हे सुराबायाने दाखवून दिले. त्यानंतर ब्रिटिशांची एकच घाई होती : डचांना बोलणीला बसवायचे आणि आपण निघायचे. ३० नोव्हेंबर १९४६ पर्यंत ते गेलेही.

या घाईचे दुसरे कारण भारतात होते. ५ नोव्हेंबरला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, आणि त्यानंतर पाचच दिवसांनी भारतीय पलटणी दुसऱ्या एका देशाचे स्वातंत्र्य दडपायला तोफांमागून निघाल्या. नेहरूंनी याचा जाहीर निषेध केला. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या नौदल तळापासून मुंबईच्या बंदरात नाविकांचे बंड पसरले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत जेवण, पगार आणि आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलवा. आपल्याकडे त्या बंडावर पुष्कळ लिहिले-बोलले जाते, पण ही मागणी बहुधा गाळली जाते.

मराठा शिपायांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. कोणत्या लढाईत आपल्याला उतरवले आहे, हे त्यांना कुणी विचारले नव्हते, की धड सांगितलेही नव्हते. पण त्यांनी तिथे काय पाहिले, हे मराठीत फारसे कुठे वाचायला मिळत नाही. पुढच्या आठवड्यात डचांची ‘पोलीस कारवाई’ आणि क्षयाने एक फुप्फुस गमावलेले, डोलीतून गनिमी युद्ध चालवणारे जनरल सुदिरमान. तोवर वाचकांना एक विनंती : सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कुणाच्या घरी १९४५-४६ मध्ये जावाहून आलेली पत्रे, फोटो किंवा पलटणीचे कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास संशोधन मंडळाला दाखवा.